चेनसॉचा बार तापतोय? तेलाआधी चेनचं गेज बघा

दादा, चेनसॉला (लाकूड कापायच्या मशीनला) नवी चेन टाकल्यावर बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी, निळा पडतोय आणि धूर येतोय म्हणता. वरच्या उत्तरांत सगळ्यांनी बारला तेल देणारा पंप बदलायला सांगितलंय. थोडं थांबा. आधी बारच्या मागच्या टोकावर कोरलेले आकडे वाचा. "१६ इंची चेन द्या" म्हणून भागत नाही. पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत उतरणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या खाचेतल्या कड्यांची संख्या, तिन्ही जुळायला हवं, शिवाय स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, पिचही तोच हवा. १.३ मिमीच्या खाचेत १.५ ची चेन बसत नाही, ठोकून बसवली तर घासून तापणारच. उलट १.५ च्या खाचेत १.३ ची चेन डुलते, काप तिरका जातो. आकडे पुसले असतील तर चेनच्या सलग तीन रिव्हेटमधलं (कड्या जोडणाऱ्या खिळ्यांमधलं), पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजून निम्मं करा, तो पिच.

आकडे जुळले तर खाच आणि तेलाचं भोक खरवडून साफ करा, ओला भुसा तिथे घट्ट बसतो. मग बारचं टोक पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली तर पंप ठीक आहे. मग ताण बघा: इंजिन बंद, ब्रेक सोडलेला, हातमोजा घालून चेन सहज ओढता आली पाहिजे.

लाकडातून चुऱ्याऐवजी पीठ पडत असेल तर धार गेलीय. जोर देऊ नका, कानस मारा.