ए लेव्हल अकाउंटिंग: आकडेमोड बरोबर येते, तरी मोठ्या प्रश्नात मार्क जातात. मदत हवी आहे

मुलगी इथे इंग्लंडमध्ये इयर ट्वेल्व्हला आहे, म्हणजे ए लेव्हलच्या (विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षाला. मॅथ्स, इकॉनॉमिक्स आणि अकाउंटिंग, बोर्ड एक्यूए. जीसीएसईला (सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला) अकाउंटिंग नव्हतं, त्यामुळे डेबिट-क्रेडिटपासूनच सुरुवात झाली. मी मराठी माध्यमातून बी.कॉम. केलंय, म्हणून घरी मीच तिचा अभ्यास घेते.

आधी मी तिला 'येईल ते नावे, जाईल ते जमा' शिकवलं. शाळेत मात्र मालमत्ता म्हणजे भांडवल अधिक देणी, या समीकरणावरून शिकवतात. उत्तर दोन्हीकडून तेच येतं, पण पोरगी प्रत्येक नोंदीआधी थबकायची. शेवटी माझे नियम बाजूला ठेवले. आता ट्रायल बॅलन्स, बँक रिकन्सिलिएशन, कंट्रोल अकाउंट सगळं जमतं.

अडतंय ते मोठ्या प्रश्नांत. ए लेव्हलला ३ तासांचे, १२० मार्कांचे दोन पेपर असतात, आणि प्रत्येकात २५ मार्कांचे दोन प्रश्न. परवाच्या टेस्टमध्ये असं होतं: वस्तूची किंमत २० पौंड, नगामागे बदलता खर्च ११, स्थिर खर्चाचा वाटा ५. नवीन गिऱ्हाईक ५०० नग १४ पौंडांनी मागतंय. ऑर्डर घ्यावी का? तिने लिहिलं, काँट्रिब्युशन (किंमत वजा बदलता खर्च) ३ पौंड, ५०० नगांचे १,५०० पौंड, म्हणून घ्यावी. चार ओळी, १,५०० खाली दोन रेघा. शेजारी बाईंनी लाल पेनाने लिहिलंय, 'आणखी?'

हे 'आणखी' मला शिकवता येत नाही. आमच्या वेळी ताळेबंद जुळला की झालं. घरी सराव कसा घ्यावा? आणि पुढे अकाउंटिंगचीच डिग्री करायची असेल, तर हा विषय लागतोच का?

प्रतिसाद १

ताई, मी हाच विषय शिकवतो. तिचं गणित बरोबर आहे, ११ अधिक ५ असा १६ चा एकूण खर्च बघून ती फसली नाही, हे मोठंच आहे; स्थिर खर्च ऑर्डर घेतली काय, न घेतली काय, होणारच. फक्त १,५०० आले की पेन खाली ठेवायचं नाही, त्या आकड्यालाच प्रश्न विचारायचे.

कारखान्यात ५०० जादा नग काढायची क्षमता आहे का? नसेल तर नेहमीचे नग सोडावे लागतील, आणि त्यातल्या प्रत्येकावर ९ पौंड (२० वजा ११) सुटतात. म्हणजे १६७ नेहमीचे नग हुकले की या ऑर्डरचा फायदा संपला. ओव्हरटाइम द्यावा लागला तर ११ चे ११ राहतील का? जुन्या गिऱ्हाइकांना १४ चा भाव कळला तर? मग निर्णय: अमुक असेल तर घ्या, तमुक असेल तर नको. कारणं प्रश्नात दिलेल्या माहितीतलीच हवीत. पाठ केलेले फायदे-तोटे कुठल्याही कारखान्याला चिकटवले की मार्क मिळत नाहीत.

घरी तुम्ही मालक व्हा. ती निर्णय सांगेल, तुम्ही 'का?' विचारत राहा. बोलून झालं की मगच लिहायला बसवा. आणि वर्किंग (आकडेमोडीच्या पायऱ्या) दाखवायची सवय मोडू देऊ नका. आधीचा आकडा चुकला तरी त्यावरून पुढची रीत बरोबर असेल तर पुढचे मार्क मिळू शकतात.

डिग्रीला हा विषय सहसा सक्तीचा नसतो. मॅथ्स आहे ते उत्तमच. काही विद्यापीठं मात्र याला कमी पसंती देतात, तेव्हा प्रत्येक कोर्सच्या अटी आत्ताच वाचून ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. काल जेवणं झाल्यावर मालक झाले. तिसऱ्या 'का?'ला ती चिडली, पण कारखाना भरलेला असेल तर नगामागे किमान २० मागायला हवेत, हे तिचं तिनेच काढलं: ११ खर्चाचे आणि ९ हुकलेले. मग दीड पान लिहिलं. आता वस्तू स्वतः बनवायची की बाहेरून घ्यायची, तो प्रश्न घेणार आहे. त्यात मालकाने काय काय विचारावं?