हर्लिंग: १९९६ सारखा "एक मॅच हरलात की घरी" वाला सीझन परत आणावा का?

मन्या_लिमरिक:
ज्यांना हर्लिंग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आयर्लंडचा खेळ, पंधरा-पंधराचे संघ, हातात ॲश लाकडाची रुंद पात्याची काठी आणि मुठीत मावणारा कातडी बॉल. बॉल जाळ्यात गेला तर गोल म्हणजे तीन पॉईंट, आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक पॉईंट. स्कोअर १-१३ असा लिहितात, म्हणजे एक गोल आणि तेरा पॉईंट, एकूण सोळा. टीम काउंटीच्या, आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या, आणि खेळायचे पैसे कोणालाच मिळत नाहीत.

आता मुद्दा. १९९६ ची ऑल आयर्लंड चॅम्पियनशिप ही शेवटची, जिच्यात हरलं की वर्ष संपलं असा सरळ हिशोब होता. १९९७ पासून मागचं दार उघडलं, म्हणजे हरलेल्यालाही आणखी संधी, आणि २०१८ पासून मन्स्टर नि लेन्स्टर दोन्ही प्रांतांत ग्रुप, मन्स्टरमध्ये पाच टीम नि प्रत्येकाला चार मॅच, लेन्स्टरमध्ये आता सहा टीम नि पाच मॅच. माझं म्हणणं असं की ९६ सारखा सीझन त्यानंतर झालाच नाही आणि ह्या पद्धतीत होणारही नाही. २०२५ चंच बघा, कॉर्कने एप्रिलमध्ये टिपरेरीला ४-२७ विरुद्ध ०-२४ असं पंधरा पॉईंटनी लोळवलं, आणि जुलैच्या फायनलला त्याच टिपने त्याच कॉर्कला पंधराच पॉईंटनी हरवून कप नेला. मग एप्रिलच्या त्या मॅचला अर्थ काय राहिला? ९६ ला प्रत्येक मॅचला अर्थ होता. १६ जूनला लिमरिकच्या गेलिक ग्राउंड्सवर क्लेअर आले होते, आदल्याच वर्षी १९१४ नंतर पहिल्यांदा कप जिंकलेले, आणि शेवटच्या क्षणांना स्कोअर बरोबरीत असताना आमच्या कियरन केअरीने स्वतःच्या अर्ध्या मैदानात बॉल उचलला, काठीच्या पात्यावर तोलत पळत सुटला, क्लेअरवाले मागे लागलेत, हा थांबत नाही, आणि पळता पळताच बॉल वर उडवून मारला तो थेट दांडीवरून. १-१३ विरुद्ध ०-१५. चॅम्पियन घरी. आजही इथल्या पबमध्ये तो पॉईंट सांगायला लागलं की माणसं हातातला ग्लास खाली ठेवतात.

सई_एनिस:
मन्या, तू लिमरिकमध्ये राहतोस म्हणून तुला तो पॉईंट गोड लागतो, मी क्लेअरमध्ये राहते. आमच्या शेजारच्या काकांना विचार ९६ बद्दल. अख्खा हिवाळा चिखलात, अंधारात प्रॅक्टिस केलेली, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, दिवसभर काम करून संध्याकाळी ग्राउंडवर, आणि चॅम्पियन म्हणून त्यांच्या वाट्याला त्या वर्षी आली एक मॅच. फक्त एक! पहिल्या राउंडला ते नव्हतेच, थेट मन्स्टरच्या सेमीला आले, एका पॉईंटने हरले आणि जूनच्या मध्यावर सगळं संपलं. ह्याला तू थरार म्हणतोस, मी वाया घालवणं म्हणते. देशातली सगळ्यात चांगली टीम लोकांना वर्षात सत्तरच मिनिटं बघायला मिळावी ही कसली पद्धत?

आणि पुढचं सांगते. २०२४ ला क्लेअर लिमरिककडून दोनदा हरले, एकदा एनिसला ग्रुपमध्ये, एकदा मन्स्टर फायनलला. तरी पुढे जाऊन किलकेनीला सेमीत हरवलं आणि कॉर्कविरुद्ध एक्स्ट्रा टाईममध्ये ३-२९ विरुद्ध १-३४, एका पॉईंटने कप घेतला. ती फायनल ज्यांनी बघितली त्यांना विचार की हे क्लेअर चॅम्पियन व्हायच्या लायकीचे नव्हते का. तुझ्या ९६ च्या नियमाने ही टीम एप्रिलमध्येच घरी बसली असती.

तात्या_नाशिक:
मी लांबून बघणारा माणूस, मुलगा डब्लिनला असतो त्याच्यामुळे नाद लागला. मन्याच्या बाजूने एक सांगावंसं वाटतं. तुम्ही दोघं क्लेअर-लिमरिक करताय पण ९६ चा सीझन खरा वेक्सफर्डचा आहे आणि त्यांचं नाव अजून कोणी काढलंच नाही! १९६८ नंतर कप नाही. लियाम ग्रिफिन नावाचा मॅनेजर, हॉटेल चालवणारा गृहस्थ, त्याने मॅचला जाताना काउंटीच्या हद्दीवर बस थांबवली, पोरांना खाली उतरवलं आणि हद्द पायी ओलांडायला लावली, की बाबांनो आपण कोणासाठी खेळायला चाललोय ते पायाला कळू द्या. लेन्स्टरमध्ये किलकेनी, डब्लिन, ऑफली, मग सेमीला गॉलवे, आणि फायनलला लिमरिक. पाच मॅच, पाचही जिंकल्या. फायनलला हाफटाईमच्या आधीच एमन स्कॅलनला रेफ्रीने बाहेर काढलं, उरलेला सगळा वेळ चौदा जण खेळले आणि १-१३ विरुद्ध ०-१४ जिंकले. टॉम डेम्प्सीचा तो एक गोल, बस्स. अशा टीमला कोणी म्हणू शकत नाही की तुम्ही अमक्याकडून हरला होतात. चॅम्पियन म्हणजे जो हरला नाही तो. ही साधी गोष्ट आता राहिली नाही.

ओंकार_कॉर्क:
तात्या, वेक्सफर्डबद्दल पूर्ण सहमत, पण तुम्ही पद्धतीची बाजू घेताना तिची काळी बाजू सोडून देताय. ९६ ला उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताची विजेती टीम थेट ऑल आयर्लंड सेमीला यायची. त्या वर्षी अँट्रिम आले. अँट्रिमच्या पोरांबद्दल आदर आहे, त्यांच्याकडे हा खेळ जिवंत ठेवणं सोपं नाही, पण क्लेअर जूनमध्ये घरी आणि अँट्रिम सेमीला, हे कुठल्या न्यायाने? म्हणजे "एक हरलात की घरी" हे ऐकायला समान वाटतं, पण कोणाच्या वाटेत कोण आलं ह्यावर सगळा खेळ. लिमरिकला फायनल गाठायला कॉर्क, क्लेअर, टिप दोनदा (पहिली मॅच बरोबरीत सुटली म्हणून), मग अँट्रिम. मन्स्टरमध्ये जन्मलात तर चार लढाया, दुसरीकडे जन्मलात तर निम्म्या.

आणि त्याच वर्षी लिमरिकने आमच्या कॉर्कला पार्क ई क्वीव्हला येऊन ३-१८ विरुद्ध १-८ मारलं होतं, १९२३ नंतर चॅम्पियनशिपमध्ये घरच्या मैदानावर पहिला पराभव. तेव्हा कॉर्कची टीम नवी पोरं घेऊन उभी राहत होती, एका दुपारी सगळं संपलं आणि पुढची मॅच थेट पुढच्या उन्हाळ्यात. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा वर्षाला एक मॅच खेळून शिकणार कसा?

मन्या_लिमरिक:
ओंकार, अँट्रिमचा मुद्दा मान्य, पण तो ड्रॉ कसा काढायचा ह्याचा दोष झाला, नॉकआउटचा नाही. सगळ्या टीम एकाच डब्यात टाका आणि चिठ्ठ्या काढा, प्रश्न मिटला.

आणि सई, २०२४ ला क्लेअर लायकीचे होते हे मी कधी नाकारलं? पण त्या वर्षी सलग चार कप घेऊन पाचव्यासाठी उतरलेले लिमरिक क्लेअरला दोनदा हरवून कॉर्ककडून एक सेमी दोन पॉईंटनी हरले आणि बाहेर. म्हणजे मागच्या दाराने क्लेअरला दोन पराभव माफ केले आणि लिमरिकला ग्रुपमधला एकच. हा कुठला समान न्याय? नॉकआउट कडक आहे पण सगळ्यांना सारखा कडक आहे.

रेणुका_डब्लिन:
मन्याचं हे शेवटचं बोलणं मला पटलं आणि त्रासही झाला, कारण उत्तर सोपं नाही. पण उलट बाजू बघ ना. ज्या लिमरिकने ४५ वर्षांनी, १९७३ नंतर, २०१८ ला कप घेतला ते त्या वर्षी ग्रुपमध्ये एनिसला क्लेअरकडून अकरा पॉईंटनी हरले होते आणि मन्स्टरमध्ये तिसरे आले होते. मग किलकेनीला हरवलं, सेमीला कॉर्कला एक्स्ट्रा टाईममध्ये, फायनलला गॉलवेला ३-१६ विरुद्ध २-१८. त्या दिवशी तुझ्या शहरात जे झालं ते जुन्या पद्धतीत झालं असतं का?

मन्या_लिमरिक:
रेणुका, हा युक्तिवाद सगळे करतात पण तो बरोबर बसत नाही. नॉकआउट असता तर ती क्लेअरची मॅच त्या जागी, त्या वेळी झालीच नसती. २०१८ ला लिमरिकची पहिली मॅच टिपशी होती आणि ती जिंकली होती. ग्रुपच्या चौथ्या मॅचला पोरं कशी खेळतात आणि हरलं तर घरी ह्या मॅचला कशी खेळतात ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकाचा निकाल उचलून दुसऱ्यात टाकता येत नाही.

तात्या_नाशिक:
बरोबर. आणि हाच नियम २०२५ च्या टिपलाही लागू करायला हवा मन्या, एप्रिलच्या मॅचवरून तू त्यांना खाली पाडतोयस. त्या मॅचमध्ये डॅरा मॅकार्थी हा टिपचा एकोणीस वर्षांचा पोरगा बॉल पडायच्या आधीच रेड कार्ड घेऊन बाहेर गेला होता, अख्खी मॅच चौदा जणांनी खेळली. त्याच पोराने फायनलला १-१३ केले. हाफटाईमला कॉर्क सहाने पुढे, आणि दुसऱ्या हाफमध्ये टिपचे ३-१४ आणि कॉर्कचे दोन पॉईंट. दोन! मी मध्यरात्री बायकोला उठवून स्कोअर दाखवला. तरीसुद्धा मी नॉकआउटवालाच आहे, पण टिपने तो कप कमावला.

ओंकार_कॉर्क:
त्या दुसऱ्या हाफबद्दल मी अजून बोलू शकत नाही. २००५ नंतर कप नाही, २००६, २०१३, २०२१, २०२४, २०२५, पाच फायनल हरल्या. इथली पोरं लाल जर्सी घालून शाळेच्या भिंतीवर बॉल मारत असतात, त्यांतल्या एकानेही कॉर्कला कप उचलताना बघितलेलं नाही.

सई_एनिस:
ओंकार, वाईट वाटतं रे, खरंच. आता एक अशी गोष्ट जी ह्या वादात कोणी बोलतच नाहीये. जुन्या पद्धतीत मन्स्टरच्या मोठ्या मॅच बऱ्याचदा थर्ल्सला किंवा अशाच दोघांपैकी कोणाच्याच नसलेल्या मैदानावर व्हायच्या. आता प्रत्येक काउंटीला दर वर्षी घरच्या मैदानावर दोन मॅच हमखास मिळतात. एनिसचं कुसॅक पार्क गावाच्या मधोमध आहे, मॅचच्या दिवशी सकाळपासून रस्ते भरतात, बेकरीवाला, चहावाला, सगळ्यांचा धंदा, आणि मॅच संपली की लहान पोरं काठ्या घेऊन मैदानात घुसतात, ज्या गोलात आत्ता खेळाडूंनी बॉल मारला त्याच गोलात मारायला. माझी मुलगी असंच बघून हर्लिंगवर गेली, मुलींच्या खेळाला कमोगी म्हणतात, आता शनिवारी सकाळी मी तिला क्लबवर सोडते. एकाच मॅचचा सीझन असता आणि ती मॅच लांब कुठेतरी असती तर हे झालं असतं का?

मन्या_लिमरिक:
हे पटलं. घरच्या मॅचचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मग मला एक सांग, ग्रुपची एक तरी मॅच सांग जी लोक तीस वर्षांनी केअरीच्या पॉईंटसारखी सांगतील.

ओंकार_कॉर्क:
मी सांगतो. ११ मे २०२४, शनिवारची संध्याकाळ, पार्क ई क्वीव्ह, कॉर्क विरुद्ध लिमरिक. कॉर्क ग्रुपच्या पहिल्या दोन मॅच, वॉटरफर्ड आणि क्लेअर, हरून आलेले. ही हरली तर सीझन संपला. शेवटच्या मिनिटांत लिमरिक पुढे होते, शेन किंग्स्टनला पाडलं, पेनल्टी मिळाली. पॅट्रिक होर्गन उभा राहिला, चाळीस हजारांवर माणसं आणि मला माझ्या शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याने मारला तो जाळ्यात. ३-२८ विरुद्ध ३-२६. लोक मैदानात उतरले, म्हातारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. त्याच टीमने जुलैला सेमीत लिमरिकची पाच कपांची वाट अडवली. मागचं दार नसतं तर कॉर्क एप्रिलमध्ये वॉटरफर्डलाच संपले असते आणि ती संध्याकाळ आलीच नसती.

मन्या_लिमरिक:
मी होतो त्या मॅचला, पाहुण्यांच्या बाजूला. मान्य, विसरता येणार नाही. पण ओंकार, ती एवढी पेटली का? कारण तुम्ही हरलात तर घरी जाणार होतात. तुमच्यासाठी ती ९६ चीच मॅच होती.

ओंकार_कॉर्क:
हो, पण तिथपर्यंत पोचायला दोन पराभव माफ व्हावे लागले, मन्या.