चाचण्यांमधले तिरके प्रश्न : तुम्ही काय लिहिलंत?

बीकेसीतल्या एका बँकेत मुलाखतीआधी मला कॉम्प्युटरसमोर बसवून व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. एक विधान होतं : 'मी कधीही कोणाच्या पाठीमागे वाईट बोललेलो नाही.' खरं किंवा खोटं, मधला रकानाच नाही. आता आमच्या सव्वाआठच्या फास्टमध्ये कुर्ल्यापर्यंत दुसरं काय चालतं? पण नोकरी हवी असताना 'खोटं'वर क्लिक करायला हात धजत नाही. थोड्या वेळाने हेच विधान कपडे बदलून परत हजर!

असे चकवणारे किंवा नुसतेच विचित्र प्रश्न तुम्हालाही भेटले असतील. नोकरीत, एसएसबीला (सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवड चाचणीला), डॉक्टरकडे, मुलांच्या कलचाचणीत. येऊ द्या. 'तुम्ही कोणतं फळ आहात' छाप मोबाइल चाचण्या मात्र नकोत.

गिरगाव, चाळकरी :
'आपल्यावर कोणी पाळत ठेवतंय असं वाटतं का?' अहो, वाटतं कसलं, ठेवतातच! समोरच्या काकूंना दूधवाला कधी आला आणि माझा मुलगा रात्री कधी आला, दोन्ही तोंडपाठ. मी 'होय' लिहिलं. समुपदेशक बाईंनी बाजूला बसवून खोदून खोदून विचारलं. मी गॅलरी, जिना, काकूंची खिडकी असा कागदावर नकाशाच काढून दिला. बाई लालबागच्या निघाल्या, म्हणून सुटलो.

विरार :
'गर्दीत जीव घुसमटतो का?' पुढचा प्रश्न विचारा.

माहीम, क्लिनिकल सायकॉलॉजीवाली :
धागाकर्त्याला भेटलं ते लाय स्केलचं, म्हणजे उत्तरं देणारा स्वतःला फार चांगला दाखवतोय का हे पकडणाऱ्या विधानांचं, भावंड. या घराण्यातली थोरली चाचणी म्हणजे एमएमपीआय (मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी). मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी बनवली, 1943 साली प्रसिद्ध झाली. 1989च्या सुधारित आवृत्तीत 567 विधानं आहेत आणि त्यातली 15 लाय स्केलची. बहुतेक सगळ्यांमध्ये असतात असे बारीकसारीक दोष त्यात विचारतात. एखाद-दोन नाकारले तर कोणी काही म्हणत नाही. सगळेच नाकारले, तर समोरचा माणूस स्वतःला फार धुऊन-पुसून मांडतोय असं धरतात आणि बाकीची उत्तरंही जपून वाचतात. विधान फिरून येतं ते तुम्ही वाचताय की नुसत्या टिचक्या मारताय हे बघायला.

विचित्रपणाचं कारण वेगळं आहे. बरीचशी विधानं अर्थ बघून निवडलेलीच नाहीत. मनोरुग्णांची उत्तरं आणि रुग्णालयात भेटायला आलेल्या नातेवाइकांची उत्तरं शेजारी ठेवली. जिथे दोन गट वेगळे पडले ते विधान ठेवलं, मग ते का वेगळे पडले हे कळो न कळो. त्यामुळे 'याचा माझ्या मनाशी काय संबंध?' हा तुमचा वैताग अगदी रास्त आहे.

दादर, फुलबाजार :
ताई, मग हे पण सांगा. मला विधान आलं होतं की फुलं विकण्याचं काम करायला मला आवडेल. आमचा तीन पिढ्यांचा धंदा. पहाटे चारला झेंडूच्या गोण्या उतरवायच्या, दसऱ्याला दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि पाऊस पडला की माल सडतो. मी ठणकावून 'खोटं' लिहिलं.

माहीम :
अशा फुलाबिलांच्या विधानांतून आवडीनिवडी 'पुरुषी' की 'बायकी' ते मोजायचे. तेही चाळीसच्या दशकातल्या अमेरिकेच्या मापाने.

दादर :
आमच्याकडे हार ओवणारे निम्मे बाप्ये आहेत. त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार?

कल्याण, दोनदा एसएसबी :
तिथे खरं-खोटं नाही, वेळच पुरत नाही. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, सुचेल ते वाक्य लिहा. चित्रावरून गोष्टी लिहायच्या, त्यात शेवटचं चित्र म्हणजे कोरा पडदा. क्लासवाल्याने आम्हा सगळ्यांना एकच शूर गोष्ट घोकून घेतली होती. पुरात बुडणारं गाव आणि दोर घेऊन धावणारा नायक. भोपाळला आमच्या बॅचमध्ये त्या दिवशी किती गावं बुडाली असतील!

मला खरा अवघड गेला तो साधा कागद : आईवडिलांचं, शिक्षकांचं, मित्रांचं तुमच्याबद्दल काय मत आहे? बाबांचं मत मला माहीतच नव्हतं. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले, 'जेवून घे आधी.'

बोरिवली :
ऑफिसच्या सर्व्हेत मध्येच : 'या प्रश्नाला पूर्णपणे असहमत निवडा.' आमच्या साहेबांनी 'सहमत' निवडलं.

परळ, आजीसोबत ओपीडीत :
नैराश्याची नऊ प्रश्नांची फॉर्मवाली चाचणी. गेल्या दोन आठवड्यांत भूक कमी लागते किंवा जास्त खाल्लं जातं? हालचाल मंदावली आहे, किंवा उलट फार चुळबुळ होते? आजी म्हणाली, 'हे काय, छापा पडला तरी होय आणि काटा पडला तरी होय!' मलाही तो चकवाच वाटला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, आजाराची तऱ्हाच तशी आहे, कोणाची झोप उडते तर कोणी दिवसभर झोपून असतं, म्हणून दोन्ही एकाच ओळीत. थकव्याच्या प्रश्नाला मात्र आजीने माझ्याकडे बोट दाखवलं. 'हिला विचारा, बदलापूरहून येते.'

मुलुंड, दहावीतल्या मुलाची आई :
खासगी कलचाचणी. 'हिशोब ठेवणे की पक्ष्यांचं निरीक्षण करणे?' मी मागे उभी राहून 'हिशोब, हिशोब' असं पुटपुटत होते. बाईंनी मला बाहेर बसवलं. अहवालात आलं, निर्णय दुसऱ्यावर सोपवण्याकडे कल. आता अभिनंदन कोणाचं करायचं ते तुम्हीच सांगा.