विषय: संक्रांतीचा कार्यक्रम आणि दिंडोरीची फवारणीची वही

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीच्या कार्यक्रमात यंदा तरुण मंडळींसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. गेल्या उन्हाळ्यात इथल्याच, अमेरिकेतल्या विद्यापीठातून मास्टर्स करून नाशिकला परतलेली आपली एक मुलगी (गणपतीत माइकच्या वायरी सांभाळायची तीच) तिथून ऑनलाइन बोलायला तयार आहे. विषय: वापरकर्ता-केंद्रित डिझाइन आणि प्रोग्रामिंग, तेही द्राक्षबागेतलं. समितीत दोघांनी विचारलं, हे नक्की असतं काय, बटणांचे रंग ठरवणं का? म्हणून तिलाच विनंती, लिस्टवर चार ओळी लिही.

तिळगुळाची यादी वेगळ्या मेलने पाठवतोय. 'मी वड्या आणते' अशी उत्तरं कृपया इथे नकोत.

– सचिव

प्रेषक: पंचवटी मावशी

मी वड्या आणते.

अगं, तुझी आई परवा फोनवर सांगत होती, पोरगी एवढं शिकून आली नि दिवसभर मामाच्या बागेत फवारणीच्या ब्लोअरच्या मागे फिरते. म्हटलं फिरू दे, थंडीत ऊन तरी मिळतं. पण खरंच विचारते, तू डिझायनर की प्रोग्रामर? माझ्या सुनेच्या ऑफिसात ही दोन माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात आणि एकमेकांना नावं ठेवतात.

– मावशी

प्रेषक: दिंडोरीहून

सचिवकाका, चार ओळी मागितल्यात, पण मावशींचा प्रश्न चार ओळींत भागणारा नाही.

मावशी, ब्लोअरच्या मागे नाही हो, बांधावर असते, वारा पाठीशी ठेवून. मागे फिरले असते तर वर्षभर माझ्यावर भुरी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आली नसती, एवढाच फायदा.

मामाची बाग दिंडोरी तालुक्यात, थॉमसन आणि थोडी शरद जातीची द्राक्षं. ज्यांचं माहेर-सासर निफाड-पिंपळगावकडचं आहे त्यांना हे सांगायला नको, पण लिस्टवरच्या मुंबईकरांसाठी: गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांनी माल निघतो. मधल्या काळात डाऊनी, भुरी, करपा हे रोग आणि थ्रिप्स, मिलीबग या किडी. पाऊस झाला, धुकं पडलं की फवारणी आलीच. माल युरोपला जायचा असेल तर प्लॉटची नोंदणी कृषी खात्याकडे, तोच प्लॉट अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीवर, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत, आणि प्रत्येक फवारणीची लेखी नोंद. ज्या औषधासाठी युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हा सरसकट नियम लागतो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं तिकडे अडकली होती. इकडे बांधावर तो विषय अजून निघतो.

तर ही फवारणीची वही फोनवर आणायची, एवढंच काम. तारीख, औषध, प्रमाण, किती टाक्या, कोणी मारलं. असा फॉर्म कुणीही प्रोग्रामर दुपारी जेवून बसला तर चहापर्यंत उभा करेल. पण तो भरणार कोण?

मामाकडे औषध ठरवतो मामा, सल्लागाराला फोन करून. कालवतो एक गडी. ब्लोअर चालवतो दुसरा. आणि वही लिहिते मामी, संध्याकाळी, पंपघराच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या पुड्या-बाटल्या बघून. फोन असतो मामाच्या खिशात. औषध मारतानाच नोंद करा म्हणणारी ॲप्स मी पाहिली. ती खिशात फोन असलेल्या माणसासाठी केलेली आहेत, वही लिहिणाऱ्या बाईसाठी नाहीत. आमच्या शिक्षणाचा गाभा म्हणाल तर हाच. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॉनल्ड नॉर्मन यांच्यासारख्यांनी 'वापरकर्ता-केंद्रित डिझाइन' हे नाव रूढ केलं, पुढे आयएसओ ९२४१-२१० नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं: वापरणारा कोण, तो कुठल्या परिस्थितीत काय करू पाहतोय हे आधी बघा, मग आराखडा करा, मग त्याच माणसांकडून तपासून घ्या, आणि नाही जमलं तर मागे जा. वाचायला अगदी शहाणपणाचं वाटतं. बागेत मात्र पहिल्याच पायरीला माणूस बदलतो.

मामीसाठी करायचं म्हटल्यावर पुढचं सगळं बदललं. ती औषध ओळखते पुडीच्या रंगावरून आणि कंपनीच्या नावावरून. प्रयोगशाळेचा कागद येतो रासायनिक घटकाच्या नावाने. मॅन्कोझेब म्हटलं तर थांबेल, एम-पंचेचाळीस म्हटलं की लगेच कळेल. शिवाय दोन वेगळ्या नावांच्या डब्यांत एकच घटक असू शकतो, म्हणजे औषध बदललं असं वाटतं आणि बदललेलं काहीच नसतं. म्हणून स्क्रीनवर औषधांची नावं नाहीत, पुड्यांचे फोटो आहेत. मामी फोटोवर बोट ठेवते, आत कोड घटक शोधतो आणि आधी तोच कधी मारला होता ते दाखवतो. आता सांगा मावशी, यात डिझाइन कुठे संपलं नि प्रोग्रामिंग कुठे सुरू झालं? मला तर एकाच मजल्यावर बसावं लागतं.

तारखेचंही तसंच. द्राक्षवाल्याला 'अठरा नोव्हेंबरला काय मारलं' विचारून बघा, तो आकाशाकडे बघेल. 'पंचेचाळिसाव्या दिवशी काय मारलं' विचारा, पटकन सांगेल. बागेचं कॅलेंडर छाटणीपासून सुरू होतं. म्हणून वर मोठ्या अक्षरात छाटणीचा दिवस, तारीख खाली बारीक.

कोड लिहिण्याआधी सगळे स्क्रीन कागदावर काढले होते. कॉलेजात शिकवतात की माणसाला वापरायला द्या आणि मनात येईल ते बोलायला सांगा. इकडे एकटं माणूस बोलत नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. पण दोघांना मिळून एक काम दिलं की आपोआप बोलतात. मामी आणि तिची जाऊ कागदावर बोट ठेवून वाद घालत होत्या, मी नुसती लिहून घेत होते. यालाही पुस्तकात नाव आहे, पण त्या दोघींना त्याची गरज पडली नाही.

बाकी बारीकसारीक: बागेत रेंज नसते, म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठते, रेंज आली की वर जाते. उन्हात स्क्रीन दिसत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमीत उजळपणाचा निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा असा वेबचा दंडक आहे, मंडपाबाहेर तो पुरत नाही, पांढऱ्यावर काळं सरळ. बटणं इंग्रजीच्या मापाने केली की वेलांट्या आणि रफार कापले जातात, त्यामुळे ओळीची उंची वाढवली. आणि आकडे! पायथन आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या दोन भाषा. पायथनला देवनागरी '१२' दिलं तर ती मुकाट बारा समजते; जावास्क्रिप्ट म्हणतं हा आकडाच नव्हे. मामी देवनागरीत लिहिते, मामा इंग्रजीत. दोन्ही चालवून घेणारा कोड आधी लिहिला, मग पुढचं.

– आपली, दिंडोरीहून

प्रेषक: ओझरकाका

छान लिहिलंस पोरी. मी कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेपासून कोड लिहीत आलोय, त्यामुळे तीन शंका.

एक: माझ्या धाकट्या भावाची बाग ओझरला आहे. तो वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, मी इथे रात्री एक्सेलमध्ये भरतो, चुकलं असेल तर फोन करतो. विनाखर्च चाललंय. तुझ्या ॲपची गरज काय?

दोन: काढणी जवळ आलेली असताना न चालणारं औषध कुणी निवडलं तर ॲपने पुढे जाऊच देऊ नये. बँकेत मी हेच केलं. खात्यात पैसे नाहीत तर व्यवहार नाही. तू नुसती नोंद करून घेतेस असं दिसतंय.

तीन: मी इथून उघडलं तर छाटणीचा दिवस भावाला दिसतो तोच दिसेल का? या भानगडीत मी पूर्वी बऱ्याच रात्री घालवल्यात.

– काका

प्रेषक: दिंडोरीहून

काका, पहिल्याचं उत्तर: ते ॲप तुम्हीच आहात. सगळ्यांना अमेरिकेत एक्सेल भरणारा भाऊ नसतो.

तिसरं आधी घेते, ते सोपं आहे. जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली की ते तिला ग्रीनिचची मध्यरात्र धरतं. नाशिकला तेव्हा पहाटेचे साडेपाच, म्हणजे दिवस तोच. तुमच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. मग दोघा भावांत एका दिवसाचा फरक आणि फोनवर वाद. म्हणून छाटणीची तारीख वेळेशिवाय साठवते, आणि 'आज' म्हणजे बागेतला आज, बघणारा कुठेही बसलेला असो.

आता दुसरं. यावर मामाशीही वाजलं होतं. काका, बँकेत व्यवहार तुमच्या सॉफ्टवेअरच्या आत घडतो. तुम्ही नाही म्हटलंत तर तो होतच नाही. बागेत मामी फोन हातात घेते तेव्हा औषध पानांवर बसून वाळलेलं असतं. तेव्हा ॲपने 'चालणार नाही' म्हणून दार लावलं तर औषध परत डब्यात जाणार नाही. ती दुसऱ्या, चालणाऱ्या पुडीवर बोट ठेवेल आणि पुढे जाईल. वही स्वच्छ, माल तसाच. मग प्रयोगशाळेच्या कागदावर जे निघेल त्याचं कारण कुणालाच सापडणार नाही, कारण ते लिहिलेलंच नाही. शिवाय ओरडा बसणार तो लिहिणारीला, औषध तिने ठरवलेलं नसताना.

म्हणून लिहिण्याच्या स्क्रीनवर लाल रंग नाही, इशारा नाही, काही नाही. जे मारलं ते लिहा. नोंद झाली की एकच ओळ येते: या औषधाचा पीएचआय (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे किमान दिवस) धरला तर काढणी अमुक दिवसानंतर. तो दिवस व्यापाऱ्याशी ठरलेल्या तारखेच्या पुढे जात असेल तर ते मामाला त्याच्या स्क्रीनवर दिसतं, मामीला नाही.

अडवायचं असेल तर ते आधी. मामासाठी वेगळा स्क्रीन आहे, 'आज हे मारलं तर?' तिथे तो कितीही औषधं निवडून बघू शकतो, कशाचीच नोंद राहत नाही. तिथे मी स्पष्ट नको म्हणते, कारण टाकी अजून भरलेली नसते.

– दिंडोरीहून

प्रेषक: पिंपळगावकर

मी काही वर्षं फळांच्या आयातीत काढली आहेत, म्हणून खरेदीदाराच्या बाजूने.

तुझा सगळा विचार लिहिणाऱ्या बाईभोवती आहे. छान आहे. पण या वहीचा शेवटचा वाचक हजारो मैलांवर बसलेला असतो आणि त्याने मामीला कधी पाहिलेलं नसतं. संध्याकाळी आठवून लिहिलेली, नंतर बदलता येणारी, आणि शेतकऱ्याला वाटेल तेव्हाच पाठवली जाणारी नोंद तो कशाला मानेल? त्याला हवी असते जागच्या जागी, त्याच मिनिटाला झालेली नोंद, आणि ती त्याला थेट दिसायला हवी. वापरकर्ता तोही आहे ना? पैसे तोच देतो.

– पिंपळगावकर

प्रेषक: दिंडोरीहून

काका, आहे ना, वापरकर्ताच आहे. पण त्याला हवी ती खरी नोंद मामीच्या हातूनच मिळणार आहे.

बदलता येतं, पण खोडता येत नाही. चूक दुरुस्त केली की जुनी ओळ रेघ मारून खाली राहते, तलाठ्याच्या फेरफारासारखी. प्रत्येक नोंदीला दोन वेळा आहेत: औषध कधी मारलं आणि लिहिलं कधी. सकाळी सात, संध्याकाळी साडेसात असं दिसलं तर दिसू दे, बागेतलं खरं वेळापत्रक तेच आहे. त्याच मिनिटाची सक्ती केली तर गडी ओल्या हाताने काहीतरी दाबून मोकळा होईल. कागदी वहीत तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने महिनाभराच्या नोंदी होतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

थेट दाखवणं मात्र मी मुद्दाम ठेवलेलं नाही. भाव ठरायच्या आधी व्यापाऱ्याला रोजची वही दिसली तर घासाघीस तिथूनच सुरू होईल. पाठवायची तेव्हा पूर्ण पाठवावी लागते, मधली पानं गाळून नाही. एवढं बंधन शेतकऱ्यावर आहे.

– दिंडोरीहून

प्रेषक: पिंपळगावकर

दोन वेळांची कल्पना आवडली. 'वाटेल तेव्हा पाठवा' हे मला अजून पटलेलं नाही. भाव ठरल्यानंतर वही आली आणि त्यात गडबड निघाली तर कंटेनर कोणाच्या माथी? संक्रांतीला यावरच बोलू, माझी पाच मिनिटं धरून ठेवा.

प्रेषक: पंचवटी मावशी

पाच मिनिटं म्हणजे यांची पंचवीस होतात, सचिवांनी घड्याळ घेऊन बसावं. आणि अगं, निफाडला माझ्या नणंदेकडेही वही तीच लिहिते. तुला तिच्या पानांचे फोटो पाठवू का?

प्रेषक: दिंडोरीहून

मावशी, हवेतच! नावं आणि प्लॉट नंबर झाकून पाठवा. कुणाचं सांगली-तासगावकडे असेल तर तिकडचीही पानं द्या. पुड्या वेगळ्या, शब्द वेगळे, आणि माझ्याकडे अजून फक्त नाशिकचीच वळणं आहेत. सध्या उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या, मण्यात पाणी उतरलंय आणि थंडीने बाग तडकायची भीती आहे, रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात.

प्रेषक: सचिव

ठरलं तर. रविवारी इथले सकाळी साडेनऊ, नाशिकचे रात्री आठ. आधी वीस मिनिटं ती बोलेल, मग पिंपळगावकर पाच मिनिटं, घड्याळी. प्रोजेक्टरची वायर ज्यांच्याकडे राहिली आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत हॉलवर आणून द्यावी.

– सचिव