श्रूजबरी की श्रोजबरी?

प्रश्न : पुण्याच्या कयानी बेकरीच्या बिस्किटांना आमच्याकडे सगळे 'श्रूजबेरी' म्हणतात. नाव ज्या इंग्लिश गावावरून आलं त्याचा खरा उच्चार 'श्रोजबरी' आहे, असं एका मित्राने छातीठोकपणे सांगितलं. मराठीत काय लिहावं?

— मित्राला म्हणावं, जरा दमानं. श्रॉपशायरमधल्या त्या गावात दोन्ही उच्चार चालतात आणि त्यावरून गावातच जुंपते. 'श्रो'वाल्यांची बाजू पोकळ नाही. नावातल्या 'ई-डब्ल्यू'चा इंग्रजीत 'ओ'ही होतो : शिवण्याचं 'सो' आजही तसंच लिहितात, दाखवण्याचं 'शो' पूर्वी तसं लिहीत. डार्विन १८०९ साली याच गावात जन्मला. तो ज्या शाळेत शिकला तिचं नाव 'श्रो'नेच घेतात. पण 'श्रू' म्हणणारेही तिथलेच रहिवासी, त्यांना उपरे कसं ठरवणार? 'ज' मात्र दोन्हीकडे 'जर'मधला, 'जय'मधला नव्हे. आपली 'बेरी' बहुधा स्ट्रॉबेरीच्या सवयीने आली असावी. बिस्किटाला ती राहू द्या, गावाला 'श्रूजबरी' लिहा.

तसंही परक्या जिभेने त्या नावाचं काही करण्याची ही पहिली वेळ नाही. फ्रान्समधून नॉर्मन लोक इंग्लंडात आले, त्यांना मूळचं जोडाक्षरी नाव झेपेना. त्यांच्या उच्चारातून श्रॉपशायर परगण्याचं 'सॅलप' झालं. १९७४ ते १९८० परगण्याचं अधिकृत नाव तेच होतं!

— म्हणजे 'तिथले लोक म्हणतात तसं लिहा' हा नियम बाद?

— बाद कशाला? लेस्टर, वूस्टर, ग्लॉस्टर इथे तो बिनतक्रार लागू होतो. मधली अक्षरं कुणीच उच्चारत नाही, आणि लेस्टरशायर तर क्रिकेटमुळे आपल्याही तोंडात बसलंय. गंमत न्यूकॅसलची आहे. दक्षिण इंग्लंडातला माणूस लांब 'का' लावून 'न्यूकासल' म्हणतो, जोर 'न्यू'वर. टाइन नदीकाठचा, म्हणजे न्यूकॅसलचाच गावकरी 'कॅ' आखूड ठेवतो आणि जोरही तिथेच देतो. आपल्या वर्तमानपत्रांनी नुसतं स्पेलिंग बघून 'न्यूकॅसल' छापलं आणि नेम नेमका गावकऱ्यांवर लागला. बर्मिंगहॅमला तसं जमलं नाही. तिथे शेवट 'गम'सारखा, 'हॅम' जवळजवळ गायबच. हां, अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला मात्र 'हॅम' खणखणीत म्हणतात. आपलं लिखाण त्या गावाला चपखल बसतं.

— आणि ग्रीनिच? तिथे तर 'ग्रेनिच' म्हणतात.

— म्हणू देत. भूगोलाच्या पुस्तकांतून 'ग्रीनिच' इतकं रुळलंय की ते आता मराठी नाव आहे. 'थेम्स'ला मात्र मी लाल शाई लावतो. 'टेम्स' म्हणायला मराठी जिभेला कुठे जड जातं?