मदत हवी आहे: अँड्रॉइड बिल्डमध्ये स्वतःचं पार्टिशन (स्टोरेजचा वेगळा कप्पा) घालायचंय, बूट अडकतोय

नमस्कार मंडळी, नांदेडहून लिहितोय. किनवट-माहूरकडच्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांसाठी टॅबलेट तयार करतोय, अँड्रॉइड १२ वर. तिकडं नेटचा भरवसा नाही, म्हणून पाठांचे व्हिडिओ आधीच भरून द्यायचे. डेटा पार्टिशनमध्ये ठेवले की कुणीतरी पॅटर्न विसरतं, रिसेट मारतं आणि सगळं साफ. प्रॉडक्टमध्ये (सिस्टिमसोबतच येणाऱ्या पार्टिशनमध्ये) टाका असं सांगू नका. दर जूनला पाठ बदलणार, तेवढ्यासाठी सबंध सिस्टिम अपडेट कोण देत बसणार? म्हणून 'शाळा' नावाचं वेगळं रीड-ओन्ली पार्टिशन हवंय.

त्याची ईएक्सटी४ इमेज (पार्टिशनमधलं सगळं असलेली फाइल) तयार आहे. पण बोर्डकॉन्फिगमधल्या (बिल्डच्या सेटिंगच्या फाइलमधल्या) डायनॅमिक, म्हणजे आकार बदलता येणाऱ्या, पार्टिशनच्या यादीत हे नाव घातलं की बिल्ड सुरुवातीलाच अडतं. सिस्टिम, व्हेंडर, ओडीएम अशी ठरलेलीच नावं त्याला चालतात. मग फास्टबूटडीत (केबलनं इमेज भरायच्या मोडमध्ये) जाऊन लॉजिकल (म्हणजे डायनॅमिकच) पार्टिशन हातानं तयार केलं, इमेज फ्लॅश केली, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं त्या यादीत) 'फर्स्ट स्टेज माउंट' (बूटच्या सुरुवातीलाच जोडा) लावून ओळ घातली. आता लोगोपर्यंत येतो नि परत रीबूट. सिरियल लॉगमध्ये 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. एलपीडंपमध्ये (लॉजिकल पार्टिशनची यादी दाखवणाऱ्या टूलमध्ये) तर पार्टिशन व्यवस्थित दिसतंय! चुकतंय कुठं? आणि दर टॅबलेटला हातानं हे करणं काही जमायचं नाही.

उत्तर १:
दादा, लॉगची तक्रार पार्टिशनबद्दल नाहीच, माउंट पॉइंटबद्दल (ते जिथं जोडायचं त्या फोल्डरबद्दल) आहे. रूट (सगळ्यात वरचं फोल्डर) आता सिस्टिम इमेजमध्येच असतं, तेही रीड-ओन्ली. ऐनवेळी तिथं फोल्डर बनत नाही. 'बोर्ड_रूट_एक्स्ट्रा_फोल्डर्स' मध्ये नाव घाला आणि सिस्टिम इमेज परत बिल्ड करा. 'फर्स्ट स्टेज माउंट' काढाच. व्हिडिओ जरा उशिरा माउंट झाले तर काय बिघडतं? त्याजागी 'नोफेल' टाका, म्हणजे इमेज खराब निघाली तरी टॅबलेट चालू होईल.

हातचं काम टाळायला बिल्डनंतर एलपीॲड चालवा. तयार सुपर इमेजमध्ये (सगळी डायनॅमिक पार्टिशनं असलेल्या इमेजमध्ये) ते तुमचं पार्टिशन इमेजसकट जोडतं. पार्टिशनच्या गटाची कमाल मर्यादा तेवढी आधी बघा, नाहीतर सुपरमध्ये जागा असूनही नकार येईल.

आणि इमेज बनवताना एसईलिनक्सची (अँड्रॉइडमधल्या परवानग्यांच्या पहारेकऱ्याची) लेबलं दिलीत का? नसतील तर ॲपला एकही व्हिडिओ उघडता येणार नाही.

प्रश्नकर्ता:
फोल्डर घातलं, बूट झाला! लेबलं नव्हती, लॉगभर 'एव्हीसी डिनाइड' (परवानगी नाकारली) दिसतंय, लावतो. एक राहिलंच: हा ए/बी (सिस्टिमचे दोन स्लॉट असलेला) टॅबलेट आहे. ओटीएनंतर (नेटवरून येणाऱ्या सिस्टिम अपडेटनंतर) स्लॉट बदलला की एलपीॲडनं घातलेलं पार्टिशन टिकतं का? कुणी करून बघितलं असेल तर सांगा.