मिड-इंजिन किट कार: गिअरबॉक्स कोणता घ्यावा आणि ड्राइव्हशाफ्टचा कोन किती चालेल?

ओळंबा, कोव्हेंट्री
नमस्कार. मी फोर्ड जीटी40 ची प्रतिकृती बांधत आहे. फोर्डचे 302 व्ही8 इंजिन चासीत, सीटच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे, बसले आहे. त्यामागे रेनॉ 25 मधला यूएन1, ऑडीचा सहा गिअरचा 01ई किंवा पोर्शे 911 चा जी50, असे गिअरबॉक्सचे तीन पर्याय आहेत. यूएन1 तात्पुरता टेकवून ओळंबा सोडला, तेव्हा त्याच्या बाजूच्या जॉइंटचा (चाकाला फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट जिथे जोडतात त्या सांध्याचा) मध्य चाकाच्या मध्यापेक्षा 50 मि.मी. पुढे आणि 30 मि.मी. वर आला. दोन्ही जॉइंटांमधले आडवे अंतर 400 मि.मी. आहे. एवढे चालेल का?

जुना फिटर
पुढचा कोन 7.1 अंश आणि उभा 4.3 अंश असे सुटे मोजून आपण निश्चिंत होतो, पण जॉइंटला दोन्हींचा मिळून कोन सोसावा लागतो आणि तो 8.3 अंश भरतो. चाक आणखी 60 मि.मी. खाली लोंबले की तो 14.4 होईल आणि शाफ्टची लांबी 404 वरून 413 मि.मी. लागेल, तेवढे सरकणे आतल्या जॉइंटमध्ये आहे का, हे स्प्रिंग काढून तपासावे. जॉइंट अडकणार नाही. खरी अडचण सरळ रस्त्यावरच्या कायमच्या आठ अंशांची आहे, कारण प्रत्येक फेऱ्याला गोळ्या खाचेत पुढेमागे घासतात, उष्णता वाढते आणि ग्रीस पातळ होते. माझ्या गाडीत नऊ अंश होते. एका उन्हाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे कडे उमटले आणि बूट (जॉइंटवरचे रबरी आवरण) फाटलेला निघाला. उभ्या गाडीत पाच अंशांच्या आत राहावे, असे माझे मत आहे.

गिअरवाला
रेनॉ 25 आणि ऑडीमध्ये इंजिन मुळातच आसाच्या पुढे असते, म्हणून तुमच्या मांडणीत चाके योग्य दिशेने फिरतील. 911 मध्ये ते आसाच्या मागे असते. जी50 नुसता फिरवून लावलात, तर रिव्हर्सचे पाच गिअर मिळतील! तो उलथा बसवतात, पण मग ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) आणि तेलाची पातळी नव्याने ठरवावी लागते. क्वात्रोचा, म्हणजे चारही चाके चालवणाऱ्या ऑडीचा, 01ई घेतल्यास मधला डिफरन्शियल काढून तिथे सलग शाफ्ट बसवावा लागतो. तिघांत यूएन1 सर्वांत नाजूक आहे, त्यामुळे क्लच झटक्याने सोडण्याची सवय असेल तर तो घेऊ नये. इंजिन आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचे क्लच झाकणारे तोंड) यांच्यामध्ये 25 मि.मी. जाडीची प्लेट घातली तर गिअरबॉक्स तेवढा मागे सरकेल; मात्र इनपुट शाफ्टही मागे जातो, म्हणून पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचे टोक इंजिनाच्या बाजूला धरणारे बेअरिंग) मागे आणणे आणि क्लचप्लेटची पकड पुरते का ते पाहणे भाग आहे.

ओळंबा, कोव्हेंट्री
दोघांचेही आभार. प्लेट धरून कोन 5.6 अंश येतो. आज संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्राखाली) फटीत पट्टी सरकवून पाहिली, तर 14 मि.मी. जागा निघाली, इंजिन आणि गिअरबॉक्स 10 मि.मी. खाली घेतल्यास तो 4.6 होईल. यूएन1 च ठेवतो, आणि माउंट कापायला शनिवारी घेतो.